गिरणीमागचा रिलीजर

रिलीजर कुठला घ्यावा, हे विचारायला हल्ली माझ्याकडं लोक येतात. नगरात जी पोरं तिरंदाजी शिकतात त्यांचे आईबाप येतात, मोबाईलवरचे फोटो पुढं करतात आणि "मॅडम, यातला चांगला कुठला?" असं इतक्या श्रद्धेनं विचारतात, की मी कधीकाळी देशासाठी पदकं आणली असावीत असं मलाच वाटायला लागतं. मी काही आणलेलं नाही. माझ्या नवऱ्याच्या मते तिरंदाजीतली माझी एकमेव निशाणी म्हणजे समोरचा टवका उडालेला दात, आणि तो मी स्वतःच्याच मुठीनं उडवलाय. तेही खोटं नाही. पण पोरांनी गोष्ट सांग म्हटलं की मी दातापासून सुरुवात करत नाही, गिरणीपासून करते. कारण गिरणी नसती तर रिलीजरचा एवढा घोळ झाला नसता, आणि घोळ झाला नसता तर सांगण्यासारखं माझ्याजवळ काय होतं?

आमचं घर मिरजगावात, एस.टी. स्टँडच्या समोरच्या अंगाला, पिठाच्या गिरणीला चिकटून. घर गिरणीला चिकटून म्हणायचं की गिरणी घराला, हे कधी ठरलं नाही. सकाळी लाइट आली की पट्टा फिरायला लागायचा, लाइट गेली की माझे वडील, आप्पा, डिझेलचं इंजिन चालू करायचे, आणि त्याचा आवाज पट्ट्यापेक्षा मोठा. अंधार पडेपर्यंत घरातली भांडी मांडणीवर बारीक थरथरत असायची. त्यामुळं आमच्याकडं हळू कुणी बोलतच नव्हतं. आई भाजीत मीठ कमी आहे का हे ज्या आवाजात विचारायची, त्या आवाजात इतर घरांत भांडणं होतात. गुपितंसुद्धा आम्ही ओरडूनच सांगायचो. मी पहिल्यांदा नगरला कॉलेजच्या वर्गात बसले तेव्हा प्राध्यापकांनी नाव विचारलं, मी सांगितलं, आणि शेजारच्या वर्गातला एक मुलगा डोकावून बघून गेला.

गिरणीच्या घरची भाकरीही वेगळी. संध्याकाळी पट्टा थांबला की आप्पा जात्याभोवतीचं, पेटीच्या कडेचं उरलेलं पीठ कुंचल्यानं गोळा करायचे. त्यात बाजरी, ज्वारी, गहू, कुणाच्या तरी डाळीचं बेसन, असं दिवसभरात जे जे दळून झालं ते सगळं. आई त्याचीच भाकरी थापायची. त्यामुळं आमची भाकरी रोज निराळ्या चवीची, आणि गावात कुणाकडं पाहुणे आलेत हेही तिच्यावरून कळायचं. गव्हाची चव जास्त लागली की आई म्हणायची, "कुनाच्यातरी पोळ्या हाईत आज." सोबत हुलग्याचे शेंगोळे असले, लसूण जरा जास्त पडला असला, की मग तिरंदाजीबिरंदाजी सगळं विसरायला मी तयार असायचे.

तिरंदाजी लागली ती नगरच्या एका सरांमुळं. ते एका मैदानाच्या कोपऱ्यात छोटंसं केंद्र चालवायचे. तिथं कंपाउंड धनुष्य एकच होतं. दोन्ही टोकांना चाकं, मध्ये तारांचं जंजाळ, पहिल्यांदा बघताना एखाद्या सायकलीचा अपघात झाल्यासारखं दिसणारं. माझा नेम बरा निघाला म्हणून सरांनी ते माझ्याकडं घरी दिलं होतं, काळ्या लांब पेटीसकट. पण अट घालून. "जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर वर्षभर पेटी तुझ्याकडं. नाही झाली तर निवडीच्या दिवशी इथंच ठेवून जायची. मागं दोन मुली वाट बघतायत." अट सरळ होती. मला मात्र त्या पेटीशिवाय आपण कोण, हेच त्या दिवसांत आठवत नव्हतं. रात्री ती खाटेखाली असायची, आणि आई झाडताना तिला केरसुणी लागू देत नव्हती.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. या धनुष्याची दोरी बोटांनी धरत नाहीत. हातात एक छोटं यंत्र असतं, त्याच्या आकड्यात दोरी अडकवायची, ओढायची, नेम धरायचा आणि आकडा उघडला की बाण गेला. ते यंत्र म्हणजे रिलीजर. धनुष्य दुसऱ्याचं चालतं, बाण दुसऱ्याचे चालतात, रिलीजर मात्र चपलेसारखा ज्याचा त्याचा लागतो. मी केंद्रातला जुना वापरत होते. मनगटाला पट्टा आणि तर्जनीनं दाबायचा घोडा. सुरुवातीला झकास चाललं. मग एक रोग लागला. नेमाचा ठिपका मधल्या पिवळ्या वर्तुळावर पोचला रे पोचला, की माझं बोट आपोआप फटकन घोडा दाबायचं. मी ठरवलेलं नसायचं. ठिपका अजून हलत असायचा, बाण कडेला जाऊन बसायचा. पुढं पुढं तर पिवळं नुसतं जवळ आलं तरी बोट पळायचं. सर कंबरेवर हात ठेवून बघायचे आणि म्हणायचे, "सुरेखा, तू बाण सोडत नाहीस. तू शिंकतेस."

निवड दिवाळीनंतर होती. आत्याचा विलासदादा मस्कतहून दिवाळीला येणार होता आणि त्यानं फोनवर सांगितलं, "तुझ्या धनुष्याचं काही हवं असलं तर एक वस्तू सांग. एकच. मागच्या वेळी सगळ्यांच्या घड्याळांनी माझी बॅग फाटली." तेव्हा आत्तासारखं मोबाईलवर बघायची सोय नव्हती. सरांनी एक जाडजूड इंग्रजी कॅटलॉग दिला आणि तो आमच्या घरी जेवणाच्या वेळी ताटांच्या मध्ये उघडला गेला. त्यात बहुतेक सगळा माल शिकाऱ्यांसाठी. झाडपाल्याच्या नक्षीचे कपडे घातलेली धिप्पाड माणसं, आणि त्यांच्या मांडीवर एवढाल्या शिंगांची हरणं.

नाना, म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ, आमचं रान बघायचे. आमच्या भागात काळविटं पुष्कळ, आणि हरभरा उगवला की पहिला घास तीच घेणार. नानांनी बराच वेळ एक फोटो निरखला, मनगटाला रिलीजरचा पट्टा बांधलेल्या माणसाचा.

"ह्या मानसाला घर न्हाई का? झाडावर काऊन बसलाय?"

"शिकारी आहे तो नाना. वर लपून बसतात."

"असं व्हय. मंग ह्या पट्ट्यावाल्यानं आपल्या हरभऱ्यातलं हरीन पडंल का?"

आई भाकरी उलटत म्हणाली, "पडंल की. मंग फॉरेस्टवाले तुमाला बी पाडतील."

"मी मारा म्हनलो का? इचारलं." नानांनी पान उलटलं. "सुरे, पट्ट्याचंच घे. एवढी मोठी मानसं वापरत्यात, ती काय खुळी हाईत?" आणि हे बोलणारा माणूस असा, की काळविटाचं पाडस पिकात दिसलं तर टाळीसुद्धा हळू वाजवायचा, आईपासून चुकेल म्हणून.

आप्पांचं मत अंगठ्याच्या बाजूनं. कॅटलॉगात मुठीत धरून अंगठ्यानं बटण दाबायचे रिलीजर होते. आप्पांनी चिमूटभर पीठ अंगठ्यानं बोटावर चोळल्यासारखं केलं. "बारीक-जाड अंगठ्याला कळतं. बोट येडं असतंय." गिरणीवाल्याच्या तोंडून आलेलं हे वाक्य मला इतकं थोर वाटलं, की मी ते सरांना जाऊन ऐकवलं. सरांनी ओळखीच्यांकडून दोन रिलीजर मागवून ठेवले होते, त्यातला अंगठ्याचा माझ्या हाती दिला. तासाभरात माझ्या अंगठ्यानं बोटाचं सगळं शिक्षण पुरं केलं. पिवळं दिसलं की तोही शिंकायला लागला.

उरला तिसरा. त्याला सर हिंज म्हणायचे, आमच्या घरी त्याचं नाव बिजागरी पडलं. त्याला ना घोडा, ना बटण. मुठीत धरायचा, दोरी ओढायची, नेम धरून पाठीचे स्नायू सावकाश आवळत राहायचं. कोपर मागं सरकतं तसा रिलीजर हातात इवलासा फिरतो आणि एका क्षणी आपोआप सुटतो. कधी सुटेल ते आपल्यालाही कळत नाही, म्हणून बोटाला पळायला जागाच नाही. फक्त ओढताना तो फिरू द्यायचा नाही, हे सर सांगत होते आणि मी मान हलवत होते. पहिल्याच ओढीला तो फिरला. दोरी सुटली आणि जोर लावून मागं येणारी माझी मूठ माझ्याच तोंडावर आली. ती दाताची हकिगत एवढीच. घरी आईनं लापशी करून दिली आणि वाटी पुढं सरकवत म्हणाली, "दात पाडनारं कुनी इकत आनतं का?"

पण मी तोच घ्यायचं ठरवलं. कारण दाताचा टवका उडाला त्यानंतरही मी काही बाण सोडून पाहिले होते, आणि त्यात एकही शिंक नव्हती. सरांनी एकच सुधारणा सुचवली, सुटण्याच्या थोडं आधी 'टक्' असा बारीक आवाज करून सूचना देणारा घे, म्हणजे दचकायला होणार नाही. विलासदादानं तो बरोबर आणला. पितळेचा, तळहातावर मावणारा. नानांनी हातात घेऊन वजन बघितलं आणि विचारलं, "आन् ह्यो घेऊन झाडावर बसत न्हाईत?"

दिवाळीत केंद्र बंद होतं, म्हणून सगळा सराव घरी. गिरणीच्या मागच्या मोकळ्या जागेत कोंड्याची पोती रचून त्यावर मी मिठाईच्या खोक्याचं पिवळं वर्तुळ चिकटवलं. भाजणीच्या चकल्यांचे, अनारशांचे दिवस, गिरणीला उसंत नव्हती. भिंतीपलीकडं पट्टा घरघरतोय, अलीकडं मी पाठ आवळतेय, आणि बाण कसा गेला ते कळायच्या आत तो पिवळ्यात. रोज असंच. रोग गेला. मी इतकी शेफारले, की दळण घेऊन आलेल्या बायकांना रिलीजरचे प्रकार समजावून सांगायला लागले. त्या माना डोलवायच्या आणि दळण आधी घे म्हणायच्या.

सुट्टी संपल्यावर सरांनी निवडीआधीचा सराव म्हणून सगळ्यांना नगरला बोलावलं. सकाळची वेळ, वारा नाही, मैदानावर आम्ही मोजकीच मुलं. मी दोरी ओढली, ठिपका पिवळ्यावर आणला, पाठ आवळली. हातात 'टक्' असं वाजलं. आणि मी थिजले. काही केल्या पुढं हलेना. आता सुटणार, आता सुटणार, एवढंच डोक्यात. दोरी परत सैल सोडावी लागली. पुन्हा ओढली, पुन्हा टक्, पुन्हा पुतळा. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा माझे निम्मे बाण भात्यातच होते.

"घरी कसे सोडत होतीस?" सरांनी विचारलं.

"घरी हा टक् होत नव्हता सर."

त्यांनी रिलीजर घेतला, कानाजवळ धरून हळूच फिरवला. टक्. "हा आवाज याच्यात पहिल्यापासून आहे. म्हणून तर आपण हा मागवला."

मी म्हणाले, "सर, आमची गिरणी आहे."

सर हसायला लागले ते शेवटी खाली बसले. मीही हसले. एवढा हौसेनं निवडलेला रिलीजर, आणि त्यातली जी खास गोष्ट म्हणून निवडला ती मी आजवर ऐकलीच नव्हती. सरांनी दोन वाटा सांगितल्या. आतली छोटी चकती उलटी बसवली की आवाज जातो. किंवा आवाजाची सवय करायची. मी चकती उलटी करून पाहिली. पण आता कान उघडे झाले होते. टक् कधी होणार म्हणून मी वाट बघत राहायची, तो येत नव्हता, आणि बाण भलतीकडं जायचे. "मग सवयच कर," सर म्हणाले. "निवडीला थोडेच दिवस आहेत. शांत जागा बघ." शांत जागा. मला आमच्या मांडणीवरची थरथरती भांडी दिसली.

रात्री जेवताना मी हे सगळं सांगितलं. नाना म्हणाले, "रानात ये की." आई म्हणाली, "नको, हरनावर बान मारला म्हनून कुनी बोंब ठोकंल." दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागं पोती नीट लावत होते आणि गिरणी थांबली. मला वाटलं लाइट गेली. आता इंजिन चालू होईल म्हणून थांबले. ते होईना. आप्पा भुवयांवरचं पीठ झटकत मागच्या दारात आले आणि म्हणाले, "ऐक आता."

दळणाला बायका बसलेल्या होत्या. त्यातल्या जनाकाकू, आमच्या गल्लीतल्याच, उठून मागं आल्या. "आप्पा, काय बिघाडलं?"

"काय न्हाई. पोरीला ऐकू येत न्हाई."

आप्पांना मोजकं बोलायची सवय. संध्याकाळपर्यंत मिरजगावात गिरणीवाल्याची पोरगी बहिरी झाल्याची बातमी पसरली आणि जनाकाकू वाटीत लसणाचं कोमट तेल घेऊन आल्या. मी सगळं समजावून सांगितलं, तरी आणलंच आहे तर दोन थेंब घाल, म्हणून त्यांनी ते घातलंच.

मग रोज दुपारी गिरणी घटकाभर बंद. दळणाच्या बायका डबे घेऊन माझ्या मागं भिंतीला टेकून बसायच्या. पहिले दिवस अवघड गेले. मी दोरी ओढायची, टक् व्हायचं, आणि मी थिजायची.

"झालं की गं टक्. सोड की," जनाकाकू म्हणायच्या.

"सोडायचं नसतं काकू. सुटू द्यायचं असतं."

"मंग ते सुटंल कवा? माज्या बाजरीला कोंब फुटायची येळ झाली."

बायका हसायच्या, मीही हसायची आणि दोरी सैल सोडायची. पुन्हा ओढायची. पण माणसांना कशाचंही कौतुक फार दिवस पुरत नाही. हळूहळू त्या आपापसात बोलायला लागल्या, सुनांचं, कांद्याचं, कुणाच्या कारखान्यावर गेलेल्या लेकाचं. टक् झालं तरी कुणी मान वर करेना. आणि एका दुपारी माझ्या लक्षात आलं, की मीही करत नाहीये. टक् झालं, ते दारावरून रोज जाणाऱ्या ओळखीच्या माणसासारखं झालं, मी पाठ आवळत राहिले आणि बाण गेला. मागं जनाकाकू शेजारणीला विचारत होत्या, "आन् मंग ती नांदायला गेली का न्हाई?"

निवडीच्या दिवसाचं वर्णन मी घरात पुष्कळदा केलंय आणि दरवेळी मैदानावरचा वारा थोडा वाढत गेलाय, असं माझी मुलगी म्हणते. खरं सांगायचं तर वारा बेताचा होता आणि मीही बेताचीच होते. एक बाण वाईट गेला, बाकीचे बरे. संघाची नावं वाचली तेव्हा सगळ्यात शेवटी माझं आलं. सरांनी पेटीवर थाप मारली आणि म्हणाले, "उचल." एवढंच.

परतीच्या एस.टी.त पेटी मावेना म्हणून कंडक्टरनं ती मागच्या डिकीत टाकायला लावली. वाटभर मी बातमी कशी सांगायची याची वाक्यं जुळवत होते. मिरजगावचा स्टँड आला, समोर गिरणीच्या उंबऱ्यात आप्पा, आई, नाना आणि जनाकाकू अशी सगळी रांग उभी दिसली, आणि आनंदाच्या भरात मी खांद्यावरची पिशवी सावरत तशीच खाली उतरले. रस्ता ओलांडताना बघते तर रांगेतले चेहरे बदलत चाललेले. आप्पा आत गेले. पट्ट्याचा आवाज बसत बसत थांबला. ते परत बाहेर आले.

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "हात-पाय धू आधी. शेंगोळं केल्यात."

नाना रस्त्याकडं बघत म्हणाले, "नगरात वशिला चालतो. लई चालतो. आपल्याला म्हाईत न्हाई का?" जनाकाकूंनी माझ्या खांद्यावरची पिशवीच काढून घेतली, जणू तीसुद्धा मला जड झाली असती.

मला काही उमजेना. आप्पांनी आधी माझ्या हातांकडं बघितलं, मग पायांकडं. "उद्यापास्नं दोन वक्त बंद ठीवू," ते म्हणाले. "सकाळी बी. म्होरल्या साली बघू. आन् ते धनुष्य काय, दुसरीकडनं बी मिळंल." आप्पा माझ्याशी सलग एवढं बोललेले मला आठवत नव्हते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी रिकाम्या हातांनी उतरलेय. काळी पेटी डिकीत होती. मी सांगायला गेले. पण त्या जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना. आणि खरं म्हणजे त्या चार माणसांचं मन मोडून "अहो, माझी निवड झालीय" असं म्हणणंच मला अवघड होऊन बसलं.

तेवढ्यात एस.टी. सुटायची घंटी वाजता वाजता थांबली आणि कंडक्टर खाली उतरून ओरडला, "ओ ताई, ही पेटी काय आमी डेपोत न्यायची का?"

नाना या वयात इतके जोरात पळतात हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पेटी दोन्ही हातांत आडवी धरून आणली. आईनं पदरानं तिच्यावरची धूळ पुसली आणि मग त्याच पदरानं तोंड. जनाकाकू म्हणाल्या, "अगं तुजी तर. कानाचं तेल मेंदूत गेलं का?"

आप्पांनी पेटीवर हात ठेवला, एकदा कडी उघडून आत धनुष्य आहे ना ते बघितलं, आणि पुन्हा लावली. "बरं झालं," ते म्हणाले. "जनाबाईचं दळान उरकतो आता. मघापास्नं बसल्यात." आणि आत गेले.

गिरणी सुरू झाली. दाणे न टाकता गिरणी फिरवली की दगडाला दगड घासतो आणि जातं लवकर झिजतं, म्हणून आप्पा कुणाला तसं करू देत नसत. मी दारातून आत बघितलं. ते पट्ट्याकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून उभे होते. पट्टा जोरात फिरत होता, आणि जनाकाकूंचा बाजरीचा डबा अजून बाहेर आमच्या पायाशीच होता.